चिपवरची जागा कोण खातं?

आठ कोअरच्या, म्हणजे आज्ञा चालवणारे आठ स्वतंत्र भाग असलेल्या, प्रोसेसरवरचं झाकण काढून आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याचा मोठा करून घेतलेला फोटो पाहिला, तर आधी डोळ्यांत भरतात ते एकसारखे, गुळगुळीत दिसणारे मोठाले चौकोन. त्यांच्या आजूबाजूला खडबडीत पोताचे ठिपके आणि कडेने अरुंद पट्ट्या. यात बेरीज नेमकी कुठे होते ते दाखवा, असं कोणी म्हटलं तर पंचाईत होते. बेरीज करणारा भाग या फोटोत जवळजवळ दिसतच नाही.

हिशेब करून पाहा. ६४ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारं सर्किट अगदी साध्या पद्धतीनं बांधलं तर एका बिटाला २८ ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच, लागतात, म्हणजे एकूण १,७९२. वेगवान सर्किट हवं असेल तर काही हजार. ॲपलच्या २०२० सालच्या एम१ चिपवर १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. मग बाकीचे करतात काय?

बहुतेक जण बेरजेच्या आधीची आणि नंतरची कामं करतात. आकडे वेळेवर हाताशी आणून ठेवायचे, पुढे कोणती आज्ञा येईल याचा अंदाज बांधायचा, अंदाज चुकला तर सगळं पूर्ववत करायचं, निकाल योग्य जागी पोचवायचे. गणित करणं स्वस्त आहे आणि गणितासाठी लागणारा आकडा मिळेपर्यंत थांबून राहणं महाग आहे, या एका विषमतेवर चिपच्या जागेचं सगळं वाटप उभं आहे.

जागा मुळात मोजून का वापरायची?

चिप मोठी केली की प्रश्न मिटला, असं वाटू शकतं. पण चिपची किंमत क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून खूप वेगानं वाढते.

चिप ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, छापल्या जातात. एका वेफरवर प्रक्रिया करायचा खर्च त्यावर किती चिप आहेत यावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे खरा प्रश्न इतकाच, की एका वेफरमधून चालणाऱ्या चिप किती निघतात. वेफरवर इकडेतिकडे सूक्ष्म दोष पडलेले असतातच. समजा, दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष आहे. १०० चौरस मिलिमीटरच्या चिप केल्या तर वेफरवर सुमारे ६४० मावतात आणि त्यातल्या ५७९ च्या आसपास निर्दोष निघतात. क्षेत्रफळ चौपट, म्हणजे ४०० चौरस मिलिमीटर केलं, तर मावतात फक्त १४३. गोल वेफरच्या कडेला चौकोनी चिप कापताना मोठ्या चिपची नासाडी जास्त होते, शिवाय मोठ्या चिपवर एखादा तरी दोष येण्याची शक्यताही जास्त. निर्दोष निघतात ९६. आकार चौपट, पण एका चांगल्या चिपचा खर्च सहापट. ८०० चौरस मिलिमीटरवर गेलात तर जेमतेम २९ चांगल्या चिप हाती लागतात. आकार आठपट, खर्च वीसपट.

याच्या पुढे एक भिंतच आहे. छपाईचं यंत्र एका वेळी जास्तीत जास्त २६ गुणिले ३३ मिलिमीटर, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटरचा भाग छापू शकतं. एनव्हिडियाची एच१०० ही चिप ८१४ चौरस मिलिमीटरची आहे, या भिंतीला अगदी चिकटलेली. सेरेब्रास कंपनीनं २०१९ मध्ये सबंध वेफरचीच ४६,२२५ चौरस मिलिमीटरची एक चिप केली, पण त्यासाठी शेजारशेजारचे छापील भाग तारांनी जोडण्याची खास सोय करावी लागली आणि बिघडलेल्या कोअरना वळसा घालता यावा म्हणून जादा कोअर ठेवावे लागले.

दोष टाळता येत नसतील तर ते पचवायचे, हा मार्ग लहान चिपमध्येही वापरतात. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरवर आठ सहायक कोअर छापलेले होते. वापरात सातच ठेवले. एखादा कोअर बिघडलेला निघाला तरी चिप विकता यावी म्हणून. एच१०० च्या पूर्ण आराखड्यात १४४ गणनगट आहेत, त्यातले १३२ चालू ठेवून ती विकली जाते. म्हणजे काही जागा बंद राहणार हे गृहीत धरूनच आराखडा आखलेला असतो. वाया गेल्यासारखी दिसणारी ही जागा खरं तर बाकीची चिप वाचवते.

नियंत्रणाच्या जागेचा इतिहास

इंटेलच्या १९७१ च्या ४००४ प्रोसेसरवर जेमतेम २,३०० ट्रान्झिस्टर होते. तेव्हा वाटपाचा प्रश्न सोपा होता, कारण वाटण्यासारखं काही नव्हतंच. रजिस्टर (चालू आकडे धरणारे मोजके कप्पे), चार बिटांचं गणित आणि आज्ञा उलगडणारा भाग बसवला की चिप भरली.

पुढच्या दहा वर्षांत ट्रान्झिस्टर वाढले, तशा आज्ञाही वाढत आणि गुंतागुंतीच्या होत गेल्या. एका आज्ञेत मेमरीतून आकडा आणा, त्यात मिळवा, परत नेऊन ठेवा, पत्ता पुढे सरकवा, असं सगळं. अशी आज्ञा पार पाडायला चिपच्या पोटात एक छोटा कार्यक्रमच साठवलेला असे, त्याला मायक्रोकोड म्हणतात. परिणाम असा झाला, की त्या काळच्या बाजारातल्या प्रोसेसरांमध्ये निम्म्याच्या आसपास जागा नुसत्या नियंत्रणाकडे जाऊ लागली.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन आणि कार्लो सेकिन यांच्या गटानं हा ताळेबंद उलटा करून पाहिला. आज्ञा फक्त ३१ आणि त्याही साध्या. १९८२ च्या आसपासच्या त्यांच्या रिस्क-१ चिपवर नियंत्रणानं फक्त ६ टक्के जागा घेतली. मला यातली खरी हुशारी पुढच्या पावलात वाटते. वाचलेल्या जागेतून त्यांनी चिप फक्त लहान केली नाही, तर तिच्यावर ७८ रजिस्टर बसवले. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा चालू आकडे मेमरीत नेऊन ठेवायचे आणि परत आणायचे, ही ये-जा त्यामुळे पुष्कळ कमी झाली. एके ठिकाणची जागा काढून ती मेमरीची फेरी वाचवण्यावर खर्च केली. नंतरची चाळीस वर्षं चिप बनवणारे वेगवेगळ्या रूपात हेच करत आले आहेत.

गुळगुळीत चौकोन

फोटोतले ते मोठे चौकोन म्हणजे कॅश, चिपवरचीच जलद मेमरी. आजच्या प्रोसेसरवर सर्वांत जास्त जागा खाणारा भाग बहुधा हाच असतो.

याचं कारण दोन वेगांमधली दरी. प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग झपाट्यानं वाढला, बाहेरच्या मुख्य मेमरीतून आकडा यायला लागणारा वेळ मात्र फारसा घटला नाही. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला मेमरीतून आकडा यायला ८० नॅनोसेकंद लागले, तर तेवढ्यात घड्याळाचे ३२० ठोके पडून जातात. एका ठोक्यात चार-सहा आज्ञा उरकू शकणारा कोअर तेवढा वेळ नुसता बसून राहिला तर हजाराहून जास्त आज्ञांची संधी जाते. म्हणून वारंवार लागणारे आकडे जवळ ठेवायचे.

पण जवळ ठेवणं जागेच्या दृष्टीनं महाग आहे. मुख्य मेमरीत एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. कॅशमध्ये साधारणपणे सहा ट्रान्झिस्टर लागतात. ३२ मेगाबाइटच्या कॅशमध्ये २६.८ कोटी बिट असतात, म्हणजे केवळ आकडे धरून ठेवायला सुमारे १६१ कोटी ट्रान्झिस्टर. एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या झेन ३ पिढीतल्या आठ कोअरच्या तुकड्यावर एवढीच तिसऱ्या पातळीची कॅश आहे आणि त्या तुकड्यावर एकूण ट्रान्झिस्टर आहेत ४१५ कोटी. यात कोणता आकडा कुठे ठेवलाय याची नोंदवही धरलेली नाही, प्रत्येक कोअरच्या आतली पहिल्या-दुसऱ्या पातळीची कॅशही धरलेली नाही.

चिपवर कॅश येण्याचा प्रवास टप्प्याटप्प्यानं झाला. इंटेलच्या १९८९ च्या ४८६ वर १२ लाख ट्रान्झिस्टर होते आणि ८ किलोबाइट कॅश. १९९५ च्या पेंटियम प्रोला दुसऱ्या पातळीची मोठी कॅश हवी होती, पण ती एकाच तुकड्यावर बसवणं परवडणारं नव्हतं. म्हणून कॅशचा वेगळा तुकडा करून तो प्रोसेसरच्या शेजारी, एकाच पॅकेजमध्ये बसवला. दोन्ही तुकडे एकत्र जोडल्यावरच पूर्ण चाचणी करता येई, आणि एक सदोष निघाला तर दुसराही टाकून द्यावा लागे. १९९९ पर्यंत ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की पेंटियम ३ च्या नव्या आवृत्तीत २५६ किलोबाइट कॅश मूळ तुकड्यावरच आली. दुसरं टोक म्हणजे २००६ चा इटेनियम. त्याच्या १७२ कोटी ट्रान्झिस्टरांपैकी बहुसंख्य २४ मेगाबाइटच्या तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये होते. गणित करणारे दोन कोअर त्या कॅशमध्ये लपल्यासारखेच.

मग सगळी कॅश पहिल्याच पातळीवर, कोअरला चिकटून का नाही ठेवत? कारण मोठी मेमरी आपल्या आकारामुळेच हळू होते. लांबच्या कप्प्यापर्यंत जाणारी तार लांब, आणि बारीक तारेतून संदेश जायला वेळ लागतो. म्हणून पहिली पातळी काही दशक किलोबाइटची, चार-पाच ठोक्यांत उत्तर देणारी. दुसरी साधारण एक-दोन मेगाबाइटपर्यंतची, पंधरा ठोक्यांच्या आसपास. तिसरी दहा-वीस मेगाबाइटच्या वर, चाळीस-पन्नास ठोके. अंतर चिपवर किती महत्त्वाचं असतं याचा माझ्या आवडीचा पुरावा म्हणजे २००० सालचा पेंटियम ४. त्याच्या पाइपलाइनमधले, म्हणजे आज्ञा पार पाडणाऱ्या वीस टप्प्यांच्या साखळीतले, दोन टप्पे कोणतंही काम करत नसत. संदेश चिपच्या एका भागातून दुसऱ्या भागात पोचावा, एवढ्यासाठीच ते राखून ठेवलेले होते.

कॅशवर आराखडा करणाऱ्यांचा जीव असतो, त्याला आणखी व्यवहारी कारणं आहेत. एकच कप्पा कोट्यवधी वेळा छापायचा, त्यामुळे मांडणी दाट बसते. दोष आला तर आधीच ठेवलेली एखादी जादा ओळ त्याच्या जागी जोडता येते, अख्खी चिप टाकावी लागत नाही. आणि बहुतेक कप्पे बहुतेक वेळ शांत असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेतल्या गणनभागाच्या मानानं उष्णता कमी. जागा उरली आहे आणि काय करावं सुचत नाही, तर कॅश वाढवा, हा विनोद पूर्णपणे विनोद नाही.

कोअरच्या आत

कोअरच्या आत शिरल्यावरही गणित करणारे भाग अल्पसंख्यच. इथे जागा जाते ती आज्ञा क्रमाबाहेर चालवण्याच्या यंत्रणेकडे.

एखादी आज्ञा मेमरीतल्या आकड्यासाठी अडकली, तर तिच्यामागच्या ज्या आज्ञांना त्या आकड्याशी देणंघेणं नाही त्या आधी उरकून घ्यायच्या, अशी कल्पना आहे. पण बाहेरून पाहणाऱ्याला सगळं क्रमानंच झाल्यासारखं दिसलं पाहिजे. म्हणून सुरू झालेल्या पण पक्क्या न झालेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवावी लागते. पेंटियम प्रोमध्ये अशा ४० नोंदी मावत. इंटेलच्या २०२१ च्या गोल्डन कोव्ह कोअरमध्ये ५१२ मावतात. याशिवाय 'जर-तर' आल्यावर कोणत्या फाट्यानं जायचं याचा अंदाज करणारा ब्रँच प्रेडिक्टर असतो. त्याला मागचा इतिहास लक्षात ठेवायला स्वतःची मेमरी लागते. नोंदी जितक्या जास्त, तितका एखादा चुकीचा अंदाज जास्त काम फुकट घालवतो, म्हणून नोंदींची जागा वाढवली की प्रेडिक्टरही वाढवावा लागतो. एका खात्याला जागा दिली की दुसरं आपोआप मागायला येतं.

जागा कशी फुगते ते समजण्यासाठी रजिस्टरांचा संच बघण्यासारखा आहे. कोअर एका ठोक्यात एकच आज्ञा चालवत असेल तर त्या ठोक्यात दोन आकडे वाचायचे आणि एक लिहायचा, म्हणजे तीन दारं पुरतात. एकदम सहा आज्ञा चालवायच्या तर सरळ हिशेबानं अठरा दारं. प्रत्येक नवीन दारासाठी प्रत्येक कप्प्यावरून एक आडवी आणि किमान एक उभी तार जादा न्यावी लागते. कप्पा रुंदीलाही वाढतो आणि उंचीलाही. म्हणजे दारं दुप्पट केली की क्षेत्रफळ जवळजवळ चौपट, आणि साठवायचा बिट तेवढाच. डीईसी या संगणक कंपनीच्या १९९८ च्या अल्फा २१२६४ प्रोसेसरमध्ये यावर एक मजेदार तोड काढली होती. पूर्णांकांच्या रजिस्टरांचा अख्खा संचच दोनदा ठेवला, निम्मे गणनभाग एका प्रतीशी जोडले, निम्मे दुसरीशी. एका बाजूचा निकाल दुसरीकडे पोचायला एक ठोका जादा लागे. एकच गोष्ट दोनदा ठेवणं ही वरवर उधळपट्टी दिसते, पण प्रत्येक प्रतीला कमी दारं लागल्यामुळे एका अवाढव्य संचापेक्षा दोन साधे संच परवडले.

अशा फुगण्याचा एकत्रित परिणाम इंटेलच्या फ्रेड पोलॅक यांनी १९९९ मध्ये एका ठोकताळ्यात मांडला: एका कोअरचा वेग त्याला दिलेल्या जागेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जागा चौपट, वेग दुप्पट. हा निसर्गनियम नाही, पण ढोबळ अंदाजासाठी टिकून आहे.

एक मोठा की अनेक लहान?

पोलॅकचा ठोकताळा मान्य केला की लगेच सुचतं: चौपट जागेत एक दुप्पट वेगाचा कोअर ठेवण्याऐवजी चार लहान कोअर ठेवले तर एकूण काम चौपट होईल. बरोबर, पण काम चार जणांत वाटता आलं तर. कामाचा जो भाग वाटता येत नाही तो एकूण वेगाला लगाम घालतो, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलं होतं.

दोन्ही नियम एकत्र धरून मार्क हिल आणि मायकेल मार्टी यांनी २००८ मध्ये जो हिशेब मांडला, त्याची छोटी आवृत्ती करून बघू. आपल्याकडे १६ एकक जागा आहे. एका एककात १ वेगाचा लहान कोअर बसतो. पर्याय तीन: सगळ्या जागेत एकच प्रचंड कोअर, त्याचा वेग ४. किंवा १६ लहान कोअर. किंवा चार एककांत २ वेगाचा एक मोठा कोअर आणि उरलेल्यात १२ लहान.

कामाचा १० टक्के भाग वाटता न येणारा असेल, तर प्रचंड कोअर ४ पट वेग देतो, १६ लहान ६.४ पट आणि मिश्र रचना ८.७५ पट. आता वाटता न येणारा भाग ५० टक्के धरा. १६ लहान कोअर धापा टाकत १.९ पटीपर्यंत पोचतात. प्रचंड कोअर ४ वरच आहे. मिश्र रचना ३.५. मिश्र रचना प्रत्येक वेळी पहिली येत नाही, पण कधीच तोंडघशी पडत नाही. सर्व तऱ्हेची कामं करणाऱ्या प्रोसेसरसाठी हा गुण मोलाचा आहे. मोबाइल फोनमधल्या चिपनी हा मार्ग आधी धरला, आणि २०२१ मध्ये इंटेलनं ॲल्डर लेकमध्ये तो डेस्कटॉपवर आणला. तिथे चार लहान कोअरचा गट साधारण एका मोठ्या कोअरएवढी जागा घेतो.

त्याच ॲल्डर लेकमध्ये मिश्र रचनेची एक छुपी किंमतही दिसते. मोठ्या कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ या रुंद गणिताच्या, म्हणजे एका आज्ञेत अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या, आज्ञांची यंत्रणा सिलिकॉनवर छापलेली आहे. लहान कोअरमध्ये ती नाही. चालू असलेला प्रोग्राम एका जातीच्या कोअरवरून दुसऱ्या जातीवर हलवता यायचा तर दोघांनाही त्याच आज्ञा समजायला हव्यात. शेवटी मोठ्या कोअरमधली ती यंत्रणा बंद करण्यात आली. जागा खर्च झाली, उपयोग शून्य.

एएमडीनं लहान कोअर वेगळ्या पद्धतीनं मिळवला. झेन ४ आणि झेन ४सी यांची तार्किक रचना एकच आहे, आज्ञाही त्याच. पण दुसऱ्या पातळीच्या कॅशसकट झेन ४ ला ३.८४ चौरस मिलिमीटर लागतात आणि झेन ४सी ला २.४८. हा फरक आला कुठून? वेगाच्या अपेक्षेतून. घड्याळाचा वेग खूप वर न्यायचा तर ट्रान्झिस्टर दणकट लागतात, लांब तारांवर मध्ये मध्ये संदेशाला जोर देणारे बफर लागतात, आणि भागाभागांत मोकळी जागा सोडावी लागते. कमाल वेगाची अट सैल केली आणि तीच रचना नव्यानं दाटीवाटीनं मांडली. म्हणजे वेगालाही चिपवर स्वतःचं क्षेत्रफळ असतं, फोटोत त्यावर नावाची पाटी नसली तरी.

आणि प्रत्यक्षात कोणाला किती हे ठरवतं कोण? आराखडा कागदावर असतानाच हजारो प्रोग्रामच्या नोंदी एका सिम्युलेटरमध्ये चालवून बघतात. कॅश वाढवली तर किती फरक, प्रेडिक्टर वाढवला तर किती. अनंत अगरवाल आणि मार्कस लेव्ही यांनी २००७ मध्ये यासाठी एक सरळ कसोटी सुचवली: एखाद्या भागाला जागा वाढवून दिल्यामुळे कोअरचं क्षेत्रफळ जितके टक्के वाढतं, किमान तितके टक्के वेग वाढणार नसेल, तर ती वाढ रद्द करा. कारण अनेक कोअरच्या चिपवर तीच जागा आणखी कोअर ठेवायला वापरता येते. कसोटी कठोर आहे. एकट्यादुकट्या प्रोग्रामचा वेग महत्त्वाचा असलेल्या चिपवर ती कोणी काटेकोरपणे पाळत नाही, आणि पाळूही नये असं मला वाटतं. पण वाद कशावर घालायचा हे तिच्यामुळे स्पष्ट होतं.

जागा आहे, पण वीज नाही

२००५ च्या आसपास वाटपाचे नियम बदलले. तोपर्यंत ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याचा विजेचा खर्चही त्याच प्रमाणात घटत असे. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलेला हा हिशेब ट्रान्झिस्टरमधून वीज गळू लागल्यावर कोलमडला. आता ट्रान्झिस्टर जास्त मावतात, पण सगळे एकदम पूर्ण वेगानं चालवले तर चिप तापून जाईल. काही भाग बंद ठेवणं भागच आहे. २०११ च्या सुमारास अशा भागांना 'डार्क सिलिकॉन' हे नाव रुळलं.

वीज टंचाईची आणि जागा त्या मानानं मुबलक, म्हटल्यावर क्वचित लागणारे पण आपल्या कामात अत्यंत काटकसरी असे खास भाग बसवणं शहाणपणाचं ठरू लागलं. व्हिडिओ उलगडणारा भाग, कॅमेऱ्याचं चित्र सुधारणारा भाग, कूटलेखनाचा भाग. फोनमधल्या चिपच्या फोटोत सामान्य काम करणारे कोअर आज एका कोपऱ्यात सापडतात. असे खास भाग इतके काटकसरी का, हे स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये दिलेल्या आकड्यांवरून कळतं. ४५ नॅनोमीटरच्या तंत्रात (हा आकडा चिप छापण्याच्या तंत्राची पिढी सांगतो, जितका लहान तितकी नवी) ३२ बिटांची बेरीज सुमारे ०.१ पिकोज्यूल ऊर्जा घेते. पण ती बेरीज करायची आज्ञा आणणं, उलगडणं, तिची व्यवस्था लावणं, हे सगळं धरून एका आज्ञेचा खर्च ७० पिकोज्यूलच्या घरात. ठरलेलं एकच काम करणाऱ्या भागात ही व्यवस्था लागतच नाही.

न्यूरल नेटवर्कसाठी (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी) केलेल्या गूगलच्या पहिल्या टीपीयू चिपचे प्रसिद्ध झालेले आकडे याच्याशी जुळतात. गुणाकार करणाऱ्या ६५,५३६ घटकांच्या जाळीनं २४ टक्के जागा घेतली, आकडे हाताशी ठेवणाऱ्या मेमरीनं २९ टक्के, आणि नियंत्रणानं २ टक्के. रिस्क-१ चे ६ टक्के इथे जास्त वाटतात. अर्थात ही चिप न्यूरल नेटवर्कच्या गुणाकारांपलीकडे फारसं काही करू शकत नाही. आणि गणित इतकं स्वस्तात बसल्यावरही मेमरीची जागा गुणाकारापेक्षा जास्तच निघाली, हे नजरेआड करू नये.

जे लहान होत नाही

अलीकडे एक नवी अडचण उभी आहे. नवं तंत्रज्ञान आलं की चिपवरचे सगळे भाग सारख्या प्रमाणात आकसतात, असं आता राहिलेलं नाही. चिप छापून देणाऱ्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर तंत्रात कॅशच्या एका बिटाचा कप्पा ०.०२१ चौरस मायक्रोमीटरचा होता. त्यांच्या ३ नॅनोमीटरच्या एन३ई तंत्रातही तो ०.०२१ च आहे. गणित आणि नियंत्रण करणारी तर्काची सर्किटं मात्र सुमारे १.६ पट दाट झाली. म्हणजे तोच आराखडा नव्या तंत्रात नेला तर कोअर आकसतात आणि कॅश तेवढीच राहते. एकूण चिपमधला तिचा वाटा आपोआप वाढतो, आणि प्रत्येक चौरस मिलिमीटरची किंमत आधीपेक्षा जास्त.

बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या भागांचं दुखणं याहून जुनं. मेमरीकडे जाणाऱ्या तारा हलवायला ठरावीक जोर लागतो, त्यासाठीचे ट्रान्झिस्टर लहान करून भागत नाही. शिवाय हे भाग सहसा चिपच्या कडेला बसवावे लागतात, आणि कड लांबीला मर्यादित असते. क्षेत्रफळ चौपट झालं तरी कड दुप्पटच होते.

यावर सध्या चालणारा उपाय म्हणजे एकच तुकडा करायचा हट्ट सोडणं. एएमडीनं २०१९ च्या झेन २ मध्ये आठ-आठ कोअरचे लहान तुकडे ७ नॅनोमीटरमध्ये केले, आणि बाहेरच्या जोडण्या एका वेगळ्या तुकड्यावर, जुन्या आणि स्वस्त १२ नॅनोमीटरमध्ये. जे आकसतं ते महागड्या तंत्रात, जे आकसत नाही ते स्वस्त तंत्रात. सुरुवातीचा वेफरचा हिशेब आठवला तर लहान तुकड्यांचा फायदा वेगळा सांगायला नको. त्याची किंमतही आहे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारा संदेश जास्त वीज आणि जास्त वेळ घेतो, आणि जोडण्यांसाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेला जागा द्यावी लागते.

एएमडीच्या २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये तर कॅशचा ६४ मेगाबाइटचा वेगळा तुकडा प्रोसेसरच्या डोक्यावरच रचला. खाली आधीपासून असलेले ३२ धरून ९६ मेगाबाइट. झेन ४ च्या वेळी कोअरचा तुकडा ५ नॅनोमीटरचा झाला, वरचा कॅशचा तुकडा ७ नॅनोमीटरचाच राहिला, कारण नव्या तंत्रात कॅशला फारसा लाभ नव्हता. क्षेत्रफळाचा प्रश्न असा वरच्या मजल्यावर नेल्यावर उष्णतेचा प्रश्न आला. कोअरमधली उष्णता वरच्या थरातून बाहेर काढावी लागते, आणि ५८००एक्स३डी चा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झवर थांबला, जादा कॅश नसलेल्या ५८००एक्स चा ४.७ होता. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये क्रम उलटा केला. कॅश खाली, कोअर वर. आता कोअरची पाठ थेट थंड करणाऱ्या धातूकडे असते आणि त्याचा वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. मात्र कोअरना लागणारी सगळी वीज आता कॅशच्या तुकड्याला आरपार भोकं पाडून वर न्यावी लागते, आणि त्या भोकांनाही जागा लागते.